सिमेंट भरलेली दाढ पुन्हा दुखते तेव्हा

दाढ किडली म्हणून ती स्वच्छ करून सिमेंट भरून घेतले, त्यासाठी सुट्टी काढली, पैसे मोजले आणि दुसऱ्याच दिवशी पाण्याचा घोट घेताना त्याच दाढेतून सणकन कळ गेली, तर माणूस गोंधळून जातो. भरण्यापूर्वी जी दाढ मुळीच दुखत नव्हती ती भरल्यावर दुखू लागली, तर त्या गोंधळात संशयाचीही भर पडते. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली १८ वर्षे दातांचा दवाखाना चालवते आणि या तक्रारीसाठी परत आलेल्या रुग्णांकडून मला तीन वाक्ये पुन्हा पुन्हा ऐकू येतात : "थंड पाणी लागतं", "घास चावला की कळ येते" आणि "रात्री ठणका लागतो". वरवर पाहता ही एकाच दुखण्याची तीन वर्णने वाटतात. प्रत्यक्षात तिन्हींची कारणे वेगळी आहेत, उपाय वेगळे आहेत आणि थांबण्याची मुदतही वेगळी आहे. पहिल्या दुखण्यात बहुधा वाट पाहायची असते, दुसऱ्यात वाट पाहण्यात काही हशील नसते आणि तिसऱ्यात वाट पाहिल्याने नुकसान होते. त्यामुळे मेडिकलमधून गोळी आणण्यापूर्वी आपले दुखणे यांपैकी कोणते आहे, हे ओळखावे.

दाढेच्या आत काय घडलेले असते

दाताच्या सर्वांत वरच्या टणक कवचाला, म्हणजे इनॅमलला, स्वतःची संवेदना नसते. त्याच्या खाली डेंटिन नावाचा पिवळसर थर असतो आणि तो डोळ्यांना सलग दिसत असला तरी अतिशय बारीक नळ्यांनी भरलेला असतो. एका चौरस मिलिमीटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्याखाली झाकली जाईल एवढ्या जागेत, बाहेरच्या बाजूला सुमारे २०,००० नळ्या असतात आणि आतल्या मगजाजवळ, म्हणजे दाताच्या पोकळीतील नस असलेल्या मऊ भागाजवळ, त्यांची संख्या ४५,००० च्याही वर जाते. या नळ्यांत द्रव असतो आणि थंड, गोड, आंबट किंवा नुसता वारा लागला तरी तो किंचित हलतो. ती हालचाल मगजातील नसेला जाणवते आणि कळ येते. स्वीडनचे दंतवैद्यक संशोधक मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांच्या आधारे ही उपपत्ती पुढे आणली आणि आजही दातांच्या संवेदनशीलतेचे स्पष्टीकरण तिच्याच आधारे दिले जाते. कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर आपण "दात आंबले" म्हणतो, त्यामागेही याच नळ्या असतात.

आता दात भरताना काय होते ते पाहावे. कीड कोरून काढताना उष्णता आणि कंप निर्माण होतात, खड्डा हवेने कोरडा केला जातो आणि दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट भरायचे असेल तर बहुधा त्याआधी सुमारे ३७ टक्के तीव्रतेचे फॉस्फोरिक आम्ल काही सेकंद लावून धुतले जाते. या आम्लाने नळ्यांची तोंडे उघडतात आणि मग त्यांवर बाँडिंगचा द्रव लावून ती बंद करायची असतात. खड्डा जास्त कोरडा झाला, लाळ लागली किंवा द्रव सगळीकडे नीट पोहोचला नाही, तर काही तोंडे उघडीच राहतात. शिवाय कॉम्पोझिट निळ्या प्रकाशाखाली घट्ट होताना साधारण २ ते ३ टक्के आक्रसते; म्हणूनच ते एकदम न भरता सुमारे २ मिलिमीटरच्या थरांनी भरण्याची पद्धत आहे. तरीही खड्डा मोठा असेल तर दाताच्या भिंतींवर ताण येतो आणि एखाद्या कोपऱ्यात केसापेक्षाही बारीक फट राहू शकते. चांदीच्या भरणाची अडचण निराळी आहे : तो धातू असल्याने गरम-थंड लगेच आतपर्यंत पोहोचवतो, म्हणून खोल खड्ड्यात त्याच्याखाली अस्तर घालावे लागते.

या सगळ्याने मगजाला थोडी सूज येते. शरीरात इतरत्र सूज आली तर तिला फुगायला जागा असते, पण मगज चारी बाजूंनी कठीण भिंतीत कोंडलेला असल्याने थोडी सूजही जाणवते. ती सौम्य असेल तर आपोआप उतरते. कीड जितकी खोल गेलेली, तितका हा काळ लांबतो.

थंड पाणी लागत असेल तर

यासाठी घरच्या घरी करण्याजोगी एक साधी चाचणी आहे आणि ती प्रत्येकाने करावी असे मला वाटते. माठातल्या पाण्याचा एक छोटा घोट त्या दाढेवर घ्यावा, गिळावा आणि घड्याळात पाहून कळ किती सेकंद टिकते ते मोजावे. कळ तीव्र असली तरी दोन-पाच सेकंदांत पूर्ण विरून जात असेल आणि थंड न लागता दाढ आपणहून दुखत नसेल, तर मगज सुजलेला आहे, पण सावरू शकणारा आहे असे मानता येते. बहुतेक रुग्णांत हा त्रास दोन आठवड्यांत स्पष्टपणे उतरणीला लागतो. खोल भरणात तो महिनाभर किंवा त्याहूनही थोडा अधिक रेंगाळू शकतो. तो त्रास एकदम थांबेल अशी अपेक्षा ठेवू नये, आठवड्यागणिक कमी होतो आहे का एवढेच पाहावे. दर तीन दिवसांनी ही चाचणी करून तारीख आणि सेकंद एका कागदावर लिहून ठेवले, तर मनाची समजूत आणि खरी सुधारणा यांत गल्लत होत नाही. आकडा घटत असेल तर निर्धास्त राहावे. तो १५, ३० असा वाढू लागला तर महिना पुरा होण्याची वाट न पाहता दाखवावे.

या काळात पाणी कोमट प्यावे आणि फ्रिजचे पाणी, आइस्क्रीम, उसाचा रस, बर्फाचा गोळा यांपासून त्या बाजूला दूर राहावे. संवेदनशील दातांसाठी मिळणाऱ्या टूथपेस्टचा उपयोग होतो, पण तो कसा होतो हे कळले नाही तर लोक आठवड्याभरात ती टाकून देतात. यांतील अनेक टूथपेस्टमध्ये ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असते आणि त्याने नसेची उत्तेजित होण्याची क्षमता हळूहळू कमी होते. हा परिणाम जाणवायला दिवसातून दोनदा वापरूनही दोन ते चार आठवडे लागतात. ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाकावा, लगेच खळखळून चूळ भरू नये. रात्री झोपताना वाटाण्याएवढी पेस्ट बोटाने त्या दाढेच्या हिरडीलगत चोळून तशीच ठेवली तरी चालते.

आंबट पदार्थांविषयी एक सांगणे आवश्यक आहे. सोलकढी, लिंबू सरबत, कैरीचे पन्हे घेतल्यावर काही काळ दाताचा पृष्ठभाग मऊ असतो आणि तेव्हा लगेच ब्रश केला तर तो झिजतो. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने ब्रश करावा. आणि आमच्या भागात अजूनही अनेक बायका सकाळी मिशेरी लावतात, काही घरांत राखुंडी किंवा मीठ बोटाने घासतात. मिशेरीत तंबाखू असल्याने तिचा कर्करोगाशी असलेला संबंध तर गंभीर आहेच, पण खरखरीत भुकटीने हिरडीलगतचा दात झिजून मुळाचा भाग उघडा पडतो हेही मला जवळजवळ रोज दिसते. अशा वेळी पुष्कळदा असे निघते की थंड लागते ते भरलेल्या दाढेला नव्हे, शेजारच्या झिजलेल्या दाताला. म्हणून कोणत्या दाताला लागते हे बोट ठेवून नीट शोधावे.

घास चावताना कळ येत असेल तर

या दुखण्यावर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण ते सर्वांत सहज बरे होणारे असूनही लोक सर्वांत जास्त दिवस सोसतात.

भूल दिलेली असताना ओठ, जीभ आणि गाल बधिर असतात आणि खालच्या दाढेच्या इंजेक्शनचा बधिरपणा तीन-चार तासही टिकतो. दात भरून झाल्यावर डॉक्टर निळा किंवा लाल कागद दातांमध्ये ठेवून चावायला सांगतात, तेव्हा रुग्ण आपल्या नेहमीच्या पद्धतीने चावत नाही. बधिर जबडा जिथे टेकेल तिथे टेकतो. त्यामुळे भरण एखाद्या ठिकाणी किंचित उंच राहून जाते आणि भूल उतरल्यावर पहिल्या घासाला लक्षात येते. ही उंची किती असावी? दात इतका संवेदनशील असतो की सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी फरक त्याला कळू शकतो. दाढ हाडात घट्ट रोवलेली वाटली तरी ती बारीक तंतूंच्या आवरणाने हाडाशी बांधलेली असते. एकाच दाढेवर प्रत्येक घासाला, प्रत्येक आवंढ्याला आधी भार पडू लागला की ते आवरण ठेचल्यासारखे होते, दाढ उंच आल्यासारखी वाटते आणि मग आतला मगजही चिडून थंड लागू लागते.

तीन वर्षांपूर्वी साठीच्या एक आजी माझ्याकडे आल्या. त्यांच्या डावीकडच्या खालच्या दाढेत मीच कॉम्पोझिट भरले होते आणि बाराव्या दिवशी त्या सहज बोलल्यासारखे म्हणाल्या, "डॉक्टरबाई, भाकरी दुधात कुस्करून खातेय, एका अंगानंच चावतेय." मी विचारले की आधी का आला नाहीत, तेव्हा उत्तर आले, "तुम्ही एवढं मन लावून बसवलंत, म्हटलं बसेल हळूहळू." मी निळा कागद ठेवून चावायला सांगितले, जबडा डावीउजवीकडे सरकवायला लावला आणि भरणाच्या मागच्या कडेवर ज्वारीच्या दाण्याहून लहान असा एकच गडद निळा ठिपका उमटला, बाकीच्या दातांवर फक्त फिकट छटा होती. तो ठिपका दोन वेळा अलगद घासला, भूल द्यावी लागली नाही आणि पाचव्या मिनिटाला त्यांनी स्वतःच दात दोन-तीनदा टकटक आपटून पाहिले आणि माझ्याकडे नुसते बघितले. चार दिवसांनी त्या भाकरी कोरडी खाऊ लागल्या. ती उंची पहिल्या दिवशी माझ्या नजरेतून सुटली होती आणि त्या बाईंनी बारा दिवस माझा मान राखण्यासाठी ती सोसली, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून आग्रहाने सांगते की भूल उतरल्यावर दात मिटताना भरलेली दाढ इतरांच्या आधी टेकते असे वाटले, तर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात कळवावे. भरण "बसत" नाही आणि जबड्याला त्याची सवय होईल अशी वाट पाहणे चूक आहे. ही तपासणी भूल न देता, शक्यतो खुर्चीत आडवे न होता, ताठ बसून करून घ्यावी, कारण आपण जेवतोही ताठ बसूनच. एकदा उंची काढली की आराम काही तासांत सुरू होतो आणि ठेचलेले आवरण पूर्ण शांत व्हायला आठवडाभर लागू शकतो.

कागदावर सर्व ठिपके सारखे उमटले आणि तरीही चावताना कळ येत असेल, तर पुढची कारणे शोधावी लागतात. भरणाच्या एका ठरावीक बिंदूवर शेंगदाणा किंवा चुरमुऱ्यातला कडक दाणा आला की कळ येते आणि थंडही लागते, असे असेल तर भरणाखाली फट राहिली असण्याची शक्यता असते. दाब पडला की तिथला द्रव नळ्यांत ढकलला जातो. अशा वेळी घासून उपयोग होत नाही, ते भरण काढून नव्याने भरावे लागते. चावताना फारसे काही होत नाही, पण दात उघडताना, दाब सुटताना कळ येते, हे मात्र दाताला बारीक चीर गेल्याचे लक्षण असू शकते. ही चीर एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, म्हणून डॉक्टर दाढेच्या एकेका टोकावर चावायला देऊन ती शोधतात आणि चीर वाढू नये म्हणून वर कॅप बसवतात. आणि भरणाच्या शेजारच्या फटीत प्रत्येक जेवणात मेथीच्या भाजीचा धागा किंवा मटणाचा रेषा अडकून हिरडी दुखत असेल, तर दोन दातांमधला स्पर्श सैल राहिलेला आहे. तिथे टाचणी किंवा आगपेटीची काडी घालत राहू नये. तो स्पर्श दुरुस्त करून घ्यावा.

रात्री ठणका लागत असेल तर

थंड लागून गेल्यावरही दाढ अर्धा मिनिट किंवा त्याहून अधिक ठणकत राहते, गरम चहाने कळ उठते आणि थंड पाणी तोंडात धरले की उलट बरे वाटते, काही कारण नसताना दुखणे सुरू होते, आडवे झाल्यावर वाढते आणि झोपेतून उठवते. ही लक्षणे दिसली की मगजाची सूज परतीच्या वाटेपलीकडे गेलेली असते. हे वाईट भरणामुळेच झाले असे नसते. कीडच मगजाच्या अगदी जवळ पोहोचलेली असेल, तर उत्तम भरण करूनही काहींचा मगज तग धरत नाही, आणि डॉक्टरांनी ही शक्यता भरण्याआधी रुग्णाला सांगायला हवी असे माझे ठाम मत आहे. आधी सांगितलेली गोष्ट नंतर घडली तर तो उपचाराचा पुढचा टप्पा वाटतो. न सांगता घडली तर ती फसवणूक वाटते. या टप्प्यावर रूट कॅनाल करावे लागते किंवा दाढ वाचण्याजोगी नसेल तर काढावी लागते.

इथे दोन गैरसमज फार नुकसान करतात. पहिला म्हणजे, ठणकणारी दाढ एका रात्री एकदम शांत झाली की ती बरी झाली असे समजणे. पुष्कळदा तेव्हा मगज मेलेला असतो आणि म्हणून दुखत नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मुळाशी पू होऊन हिरडीवर पुळी येते. दुसरा म्हणजे, अँटिबायोटिकच्या गोळ्या. सुजलेल्या मगजाचे दुखणे अँटिबायोटिकने थांबत नाही, आणि आधीची उरलेली पाच-सहा कॅप्सूल घेऊन पाहणे तर सर्वथा अयोग्य आहे. गालावर सूज, ताप असा संसर्ग पसरल्याची चिन्हे असतील तेव्हा डॉक्टर ती देतात, आणि तेव्हाही दाताचा मूळ उपचार करावाच लागतो. सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली मानेकडे जाऊ लागली, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर सकाळ होण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

दवाखाना उघडेपर्यंत

प्रौढ व्यक्तीला पॅरासिटामॉल घेता येते, पण सर्व गोळ्या मिळून २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. सर्दी-तापाच्या आणि अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते, त्यामुळे पाकिटावरचा मजकूर वाचावा. यकृताचा विकार असणाऱ्यांची आणि नियमित मद्यपान करणाऱ्यांची मर्यादा याहून कमी असते. आयबुप्रोफेन दाताच्या दुखण्यावर चांगले लागू पडते, परंतु ते जेवणानंतरच घ्यावे आणि पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा, रक्त पातळ करणारी औषधे किंवा गर्भारपण असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन दोन्ही टाळावीत.

लवंगेच्या तेलातील युजेनॉलमुळे खरोखरच थोडा वेळ बधिरता येते, म्हणून आजीच्या बटव्यातला हा उपाय निराधार नाही. मात्र कापसाचा बोळा तेलात भिजवून रात्रभर गालात धरून ठेवला तर हिरडी भाजून पांढरी पडते, आणि भरण जिथे पक्के बंद आहे तिथे ते तेल आत पोहोचतही नाही. अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवणे आणि दाढेत तंबाखूची चिमूट धरणे हे दोन्ही प्रकार पूर्ण बंद करावेत. झोपताना उशी थोडी उंच घ्यावी आणि गालाला बाहेरून शेकण्याऐवजी ओला गार रुमाल लावावा.

तीच दाढ पुन्हा पुन्हा भरूनही दुखत असेल तर

काही रुग्णांची एकच दाढ दोन वर्षांत तीनदा भरलेली असते आणि तिन्ही वेळा काही दिवसांनी तेच गाऱ्हाणे सुरू होते. अशा वेळी चौथ्यांदा भरण्यापूर्वी थांबून विचार करावा. रात्री दात खाण्याची सवय आहे का, हे घरच्यांना विचारावे. सकाळी उठल्यावर जबडा अवघडलेला असेल आणि दातांची टोके सपाट झालेली असतील, तर कोणतेही भरण त्या दाबापुढे टिकणार नाही आणि नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचे संरक्षक आवरण, करून घ्यावा लागेल. खड्डा दाढेच्या निम्म्याहून मोठा असेल तर भरणापेक्षा कॅप योग्य ठरते. कीड हिरडीखाली गेलेली असेल आणि तिथे लाळ-रक्त येत असेल, तर रबर डॅम लावून, म्हणजे दाढेभोवती रबराचा पडदा ताणून ती कोरडी ठेवून, काम करता येईल का हे विचारावे. त्यात डॉक्टरांचा अपमान होत नाही.

दुखणे त्या दाढेचे नसण्याचीही शक्यता असते. वरच्या दाढेचा मगज सुजला की त्याच बाजूच्या खालच्या दाढेत कळ जाणवू शकते, कानातही जाऊ शकते. सर्दीनंतर वरच्या मागच्या तीन-चार दाढा एकदम दुखत असतील आणि खाली वाकल्यावर दुखणे वाढत असेल, तर सायनस सुजलेला असू शकतो. आणि चालताना, जिना चढताना खालचा जबडा दुखतो आणि बसले की थांबतो, असे असेल तर दातांच्या आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

वेळ मागण्यासाठी फोन करताना "फिलिंग दुखतंय" एवढेच सांगितले तर समोरच्याला निकड कळत नाही. दाढ कोणत्या दिवशी भरली, कळ थंडाने येते की गरमाने की चावताना, ती किती सेकंद टिकते, रात्री झोप मोडते का आणि आतापर्यंत कोणत्या गोळ्या किती घेतल्या, एवढे सांगितले की उंची घासायला पाच मिनिटांची जागा त्याच संध्याकाळी काढता येते आणि रूट कॅनालची गरज दिसत असेल तर त्यासाठी सलग तासाभराचा वेळ राखून ठेवता येतो. येताना आधीचा एक्स-रे आणि सेकंद लिहिलेला तो कागद सोबत आणावा.